दुमडीतला काटा

६ एप्रिल

दोरीवरचे दोन चिमटे गेले. लाकडी होते, घट्ट होते, मागच्याच महिन्यात आणलेले. या घरात माणसं दोन, त्यामुळे चोर शोधायला लांब जायला नको. यांना विचारलं तर म्हणतात, "वाऱ्याने गेले असतील." चादर दोरीवर ठेवून नुसते चिमटे उचलून नेणारा वारा मी सत्तर वर्षांत पाहिला नाही.

हं. आता नमस्कार, वहीबाई. नातीने तुला पाठवलंय आणि वर हुकूम सोडलाय, "आजी, रोज थोडं लिही, डोकं चालू राहतं." माझं डोकं बंद पडलंय हे तिला कोणी सांगितलं? तिच्या बापानेच. चौथीत माझी शाळा सुटली, त्यानंतर मी जे काही लिहिलं ते कंबर, उंची आणि घेर. तेव्हा जास्त अपेक्षा ठेवू नकोस. रोजही लिहिणार नाही. सांगण्यासारखं असेल त्या दिवशी लिहीन.

९ एप्रिल

सांगण्यासारखं आहे.

पुढच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन. लोकांचे कपडे लांडे करायचे, सैल करायचे, फाटलेलं सांधायचं, हे माझं काम. चाळीस वर्षं लोकांच्या पँटच्या खालच्या दुमडी उसवतेय. माणूस तोंडाने काहीही सांगेल, दुमडीत जे अडकलेलं असतं ते खरं. कोण वाळूत गेला, कोण सुताराकडे बसला, कोणाच्या घरी मांजर आहे, सगळं मला तिथे कळतं. मी बोलत नाही, एवढंच.

आज यांची राखाडी पँट इस्त्रीला घेतली. हे रोज पाचला वाचनालयात जातात नि सातला येतात. वाचनालयात फरशी, खुर्च्या आणि पेंगणारे म्हातारे. इस्त्री फिरवताना दुमडीत खडखडलं. उलटी केली तर आत चार बिया. शेंगदाण्याएवढ्या, पिवळट, अंगभर आकडे. आकडे कसले, माझ्या ब्लाउजच्या हुकांसारखे वळलेले. कापडात असे बसले होते की सुईने एकेक सोडवावे लागले.

आणि उजव्या पायावर काळं तेल. डाव्यावर ठिपका नाही.

माझ्या मशीनचं तेल पाण्यासारखं पातळ असतं. हे दाट होतं, मातीत मळलेलं.

जेवताना म्हटलं, "वाचनालयात काय वाचता हल्ली?"

"पेपर."

"शेतात बसून?"

पाणी पिताना ठसका लागला त्यांना. बराच वेळ खोकले.

१० एप्रिल

बी भाजीवाल्याला दाखवलं. म्हणाला, "आजी, हा किडा आहे." औषधाच्या दुकानातल्याने चष्मा लावून बघितलं आणि अंगाला लावलंत का म्हणून विचारलं. दोघं शिकलेले. सुक्या बीवरून कोणाला काही सांगता येत नाही, ठीक आहे. पान आलं, फूल आलं की येईल. गुन्हेगार तोंड उघडत नाही, तर साक्षीदार वाढवून मोठा करायचा.

बटणांचा पत्र्याचा डबा रिकामा केला, तळाला टोच्याने तीन भोकं पाडली, माती भरली, चारही बिया खोचल्या आणि मशीनशेजारी खिडकीत ठेवला.

हे म्हणाले, "काय पेरलंस गं?"

"तुमचं पाप."

"बरं," म्हणाले, आणि वाचनालयात गेले.

१४ एप्रिल

लेकाचा फोन. दर रविवारी असतो. त्याचं एकच, मशीन विका, घर सोडा, आमच्याकडे या. पाचवा मजला, लिफ्ट आहे, सूनबाईने खोली तयार ठेवलीय. "आई, गुडघ्यांची काय अवस्था करून घेतलीयस! जूनच्या मध्यापर्यंत पक्कं सांग, नाहीतर ती खोली मी कामाला वापरतो."

त्याचं अगदीच चुकीचं नाही, म्हणून जास्त राग येतो. निम्मं काम माझं पुलापलीकडच्या इस्पितळाचं. नर्सबायांचे गणवेश दर पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी नऊला पोचते करावे लागतात. गाठोडं घेऊन पूल चढायचा म्हणजे आता तीनदा बसावं लागतं. मार्चमध्ये पाऊण तास उशीर झाला. मुख्य नर्सबाई घड्याळाकडे बघत राहिल्या. त्या दिवशी घरी येऊन सगळा राग यांच्यावर काढला होता. म्हटलं, "तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडलीत. जन्मभर दुसऱ्याच्या चाकांवर हिंडलात, स्वतःला साधी सायकल येत नाही. आली असती तर मी आज पुलावर बसले असते का?" यांनी पेपर पुढे धरला. हे कधीच बोलत नाहीत.

आजही लेकाने यांना विचारलं, "बाबा, तुमचं काय म्हणणं?" यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "आई म्हणेल तसं."

त्या घरी मी करू काय? सूनबाई चांगली आहे, बसून राहा म्हणेल. बसून राहण्याची मला भीती वाटते. हे फक्त तुला सांगितलं, वहीबाई. पान फाडायचं का बघते.

२० एप्रिल

डब्यात काही नाही. रोज पाणी घालते, माती काळी दिसते, तेवढंच.

यांच्या तळहाताला खरचटलंय. "वाचनालयाच्या पायरीवरून घसरलो." वाचनालयाला एकच पायरी आहे.

२१ एप्रिल

आपल्या मूर्खपणावर दुपारभर हसत होते. बिया दुमडीतून काढल्या कधी? इस्त्री फिरवल्यावर! ओलं फडकं वर दाबून, वाफ काढून. मी पेरण्याआधीच त्या शिजवल्या. चाळीस वर्षांची सवय, आधी इस्त्री मग बाकी सगळं. शेतकऱ्याची बायको असते तर ही चूक झाली नसती.

आता पद्धत बदलली. संध्याकाळी हे पँट खुंटीला लावतात, त्याच वेळी दुमड तपासायची. आज पाच बिया मिळाल्या, कच्च्या. रात्रभर वाटीत भिजत घातल्या. आकड्यांनी एकमेकींना धरून ठेवलंय.

२९ एप्रिल

आज यांनी माझी मापाची पट्टी मागितली. आजवर या माणसाने स्वतःच्या कंबरेचं माप घेतलं नाही. मी आत गेल्यासारखं केलं आणि पडद्याआडून बघितलं. दाराची रुंदी मोजली. दोनदा. कागदावर लिहिली.

दाराची रुंदी कोणाला लागते? आतली वस्तू बाहेर न्यायची असते त्याला. आणि या घरात दारातून अडेल अशी एकच वस्तू आहे. तिच्यावर आत्ता मी ही वही ठेवून लिहितेय.

काळं तेल, दाराचं माप, लेकाचा फोन. सगळं एका धाग्यात ओवलं गेलं. हे रोज जुन्या सामानवाल्याकडे जातात. त्याच्या आवारात मोडकी यंत्रं, तेल आणि काटेरी रान असणारच. बाप आणि लेक मिळून माझं मशीन काढायला निघालेत.

१ मे

उगवलं!

दोन कोंब. लांबट जाड पानं, जिभेसारखी. अजून काटा नाही. लहानपणी सगळेच मऊ असतात म्हणा.

४ मे

जुन्या सामानवाल्याकडे गेले. गुडघ्याला पट्टी बांधून, थांबत थांबत. त्याच्या आवारात सगळीकडे सिमेंट, गवताची काडी नाही. शिवाय दोन शेळ्या, म्हणजे असतं तरी उरलं नसतं.

"आमचे हे येतात का तुमच्याकडे?"

तो हसायला लागला. "एकदा आले होते, आजी. बराच वेळ घासाघीस केली."

"मशीनची?"

"कसलं मशीन? काय नेलं ते मी सांगणार नाही. शब्द दिलाय त्यांना."

"नेलं? की आणणार आहेत?"

"नेलं. आणि आता तुम्ही जा, आजी. मला खोटं बोलता येत नाही, खरं सांगून बसेन."

शब्द दिलाय म्हणे! पुरुषांना एकमेकांना शब्द द्यायला फार आवडतं. घरी बायकोला दोन शब्द बोलायचे म्हटले की दात दुखतात.

काय नेलं असेल? हत्यारं नेली असतील. मशीन खोलायची. आजपासून रोज झोपताना मशीनचा पट्टा काढून उशीखाली ठेवणार. पट्ट्याशिवाय कोण घेतो बघू.

११ मे

गणवेश पोचायला आज पुन्हा वीस मिनिटं उशीर. मुख्य नर्सबाईंनी शांतपणे सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आजी, तुमच्या हातासारखी शिलाई मला मिळणार नाही. पण बायका पाळीवर गणवेशाशिवाय उभ्या राहतात. पंधरा जूनला जादाची मोठी खेप आहे, बेचाळीस नग. नऊला आली नाही, तर मी दुसरीकडे देईन."

म्हणजे पंधरा जूनला काम जाणार आणि सोळा जूनला लेकाला उत्तर द्यायचं. छान बेतलंय सगळ्यांनी.

यांना सांगितलं. ऐकलं, मान हलवली, आणि विचारलं, "गाठोडं किती वजनाचं होतं गं?"

"का? तेही विकायचंय?"

कावरेबावरे झाले. बघवेना, म्हणून मीच भांडी घासायला गेले.

२५ मे

झाड वीतभर झालं आणि दात निघाले. प्रत्येक पानाच्या बुडाशी तीन तीन काटे, पिवळे, बोटाच्या पेराएवढे, एकाच जागेतून तीन दिशांना. पान वरून गडद हिरवं, मधली शीर पांढरी, पालथं केलं की पांढुरकं. देखणं आहे. हात लावू देत नाही. मला आवडलं.

विज्ञानाच्या बाई स्कर्ट लांब करायला आल्या होत्या. शाळेत शिकवतात, जरा उड्या मारत बोलतात. डबा बघितला आणि स्कर्ट विसरल्या.

"आजी! हे तुम्ही लावलंत? मुद्दाम?"

"मग काय, चालत आलं?"

"एका अर्थी चालतच येतं हे," म्हणाल्या. फोटो काढला, काटे मोजले, पान मोडून वास घेतला. घरी पुस्तकात बघून पक्कं सांगते म्हणाल्या. मी आपलं तोवर नाव ठेवलंय, तीनकाटी.

३० मे

विज्ञानाच्या बाई पुस्तक घेऊनच आल्या. चित्रात हुबेहूब तीनकाटी. शास्त्रातलं नाव झँथियम स्पिनोसम. दोनदा म्हणायला लावलं आणि मापाच्या चिठ्ठीवर लिहून घेतलं.

रानटी, परकं झाड. लांबून आलंय. म्हणाल्या, "हे बी मेंढीच्या लोकरीत अडकून प्रवास करतं. पूर्वी लोकर धुण्याचा कारखाना होता ना आपल्याकडे, तिथे धुताना निघालेला कचरा मागच्या मैदानात टाकायचे. मी इतकी वर्षं मुलांना घेऊन हिंडते, मला हे दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. फक्त तिथे."

आणखी एक गंमत सांगितली. त्या आकड्यांच्या कवचात बिया दोन असतात. एक लवकर उगवते, दुसरी थांबते. कधी कधी वर्षभर. म्हटलं, "एक घाईची, एक सुस्त. मग हे आमच्याच घरातलं रोप आहे."

जाताना त्यांचा चेहरा बदलला. "आजी, पण याला बी धरू देऊ नका हं. सगळीकडे पसरेल. कोंब विषारी असतो, गुरंढोरं मरतात. खरं तर उपटून टाकायला हवं."

उपटीन. आधी साक्ष होऊ दे.

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की लोकरीच्या कारखान्यामागे जुनं सामान घेणारं कोणी नाही. तिथे काहीच नाही. एक पडीक मैदान. मग रोज दोन तास हा माणूस तिथे करतो काय?

२ जून

आज गेले. हे पाचला निघाले, मी सव्वापाचला. पिशवीत मोठी कात्री घेतली. का घेतली ते मलाही माहीत नाही.

कारखान्याची मागची भिंत एका जागी पडलीय. तिथून बघितलं. मैदानभर तीनकाटी, काही हिरवी, काही मागच्या वर्षीची वाळून खडखडणारी. मध्ये एक पायवाट, चाक फिरून फिरून गुळगुळीत झालेली.

आणि तिच्यावर आमचे हे. सायकलवर! बायकांची सायकल, लाल रंगाची, पुढे जाळीची टोपली. पाठ ताठ, मान ताठ, डोळे वटारलेले, जणू समोरून हत्ती येतोय. उजव्या पायाची पँट घोट्याशी माझ्या दोन चिमट्यांनी आवळलेली. मागे काहीतरी बांधलेलं. घंटी दोनदा वाजवली, "चला, जाऊ द्या!" म्हणून स्वतःलाच ओरडले आणि निघाले. तीस वर्षं बसमध्ये दोन घंट्या देऊन गाडी सोडायचे, तसंच.

सरळ आले. डावीकडे वळले. पुन्हा सरळ. पुन्हा डावीकडे. मला वाटलं, बरं चाललंय. मग उजवीकडे वळायला गेले आणि हळूच, अगदी आदबीने, झुडपात आडवे झाले.

"अहो! ब्रेक काय शोभेला आहे का?" तोंडातून निघून गेलं.

झुडपातून डोकं वर आलं. केसांत दोन बिया. "तू कधी आलीस?"

"तुमच्या दुमडीतून आले. हे मागे काय बांधलंय?"

चादरीचा तुकडा सोडून बघितला तर विटा. सहा. माझ्या गाठोड्याच्या वजनाच्या.

"दाराचं माप?"

"हँडल घरात जातं का बघत होतो. इथे झुडपांत लपवतो, पण गल्लीत बाहेर ठेवली तर कोणी नेईल."

"आणि तेल?"

"साखळीचं. म्हणून तर चिमटे लावले. आधी पँट अडकून दोनदा पडलो."

"आणि जुन्या सामानवाल्याकडून हे नेलंत?"

"माझं मनगटी घड्याळ दिलं त्याला. निवृत्तीचं. तसंही ते मागे पडायचं."

मी कात्री पिशवीत खाली सारली. यांच्या केसांतल्या दोन्ही बिया हाताने काढल्या. हे क्वचित होतं, म्हणून लिहून ठेवते.

हे म्हणाले, "पंधरा तारखेचं गाठोडं मी नेतो. एकच अडचण आहे. उजवीकडे वळता येत नाही."

"अजून?"

"अडीच महिने झाले. डावीकडे उत्तम येतं. पण इस्पितळाकडे जाताना सगळी वळणं डावी आहेत, मी चालत जाऊन बघून ठेवलंय."

"आणि येताना?"

"येताना उजवी." हँडल सरळ केलं. "ते अजून ठरवलं नाही."

घरी येताना मला मागे बसवतो म्हणाले. म्हटलं, विटांवर भागवा.

घरी आल्यावर त्यांच्या तळहातांतले काटे काढले, सुईने. सात निघाले. मशीनचा पट्टा रात्री उशीखाली नेला नाही, जागेवरच राहू दिला.

१४ जून

बेचाळीस नग झाले. इस्त्री, घडी, चिठ्ठी, सगळं. गाठोड्याला यांच्यासाठी दुहेरी पट्टा शिवला, बक्कल लावलं. यांच्या पँटची उजवी दुमड उसवली आणि आत बटण-पट्टी बसवली, म्हणजे चिमटे नकोत. दोन्ही चिमटे दोरीवर परत गेले.

विज्ञानाच्या बाई विचारायला आल्या, झाड उपटलं का. म्हटलं, साक्षीदाराला असं हाकलायचं नसतं. फुलं येतील तशी मी कात्रीने उडवीन, एक बी धरू देणार नाही. त्यांना पटलं नाही. दर आठवड्याला तपासायला येते म्हणाल्या. येऊ देत, दर खेपेला एक तरी कपडा आणतील.

१५ जून

सव्वाआठला निघाले. दोन घंट्या दिल्या. "चला, जाऊ द्या!" अख्ख्या गल्लीने खिडक्या उघडल्या.

नऊ वाजले. साडेनऊ. दहा. एक दुमड मी तीनदा उसवली. डोळ्यांसमोर पूल, ट्रक आणि हे आदबीने आडवे होताना. तेव्हा कळलं की मला काम गेल्याची फिकीर नव्हती. हे पानही फाडायचं का बघते.

सव्वादहाला गल्लीच्या भलत्याच टोकाकडून घंटी वाजली.

"कुठे होतात? पडलात का?"

"पडलो नाही. नऊला पाच कमी असताना पोचलो." धापा टाकत होते, चेहरा लाल, पण तोंड कानापर्यंत पसरलेलं. "येताना फक्त डावीकडे वळत आलो."

"म्हणजे?"

"इस्पितळ, मग बाजार, मग रेल्वेचा पूल, मग पाण्याची टाकी, मग घर. सगळं गाव बघून झालं. डावीकडे वळत राहिलं की घर येतं, फक्त वेळ लागतो."

मुख्य नर्सबाईंची चिठ्ठी आणली. पुढच्या खेपेला पन्नास नग. खाली लिहिलंय, "आजोबांना सांगा, पोर्चमध्ये घंटी वाजवू नये, रुग्ण झोपलेले असतात."

चहा दिला. साखर जास्त पडली, पडू दे.

१६ जून, रविवार

डबा मशीनशेजारी खिडकीत आहे. तीनकाटीला पहिली फुलं दिसली, उडवली. तिच्या बुडाशी आज तिसरा कोंब वर आलाय. मागे राहिलेली बी जागी झाली वाटतं.

लेकाचा फोन अकराला येईल. काय ठरलं, मशीनचं काय, खोली ठेवू की नको, सगळं विचारेल. माझी उत्तरं त्याला पाठ आहेत आणि त्यांचा उपयोगही होत नाही. तेव्हा आताच लिहून ठेवते आणि यांना मोठ्याने वाचूनही दाखवते, म्हणजे ऐकलं नाही असं कोणी म्हणायला नको.

फोन वाजला की मी मशीनवर असेन आणि मशीन चालू असेल. उचलायचा यांनी. "आई म्हणेल तसं" हे वाक्य आजपासून बंद. ती खोली आपल्या कामाला घे, असं लेकाला यांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं. आणि नातीने विचारलं की आजोबांना सायकल येते का, तर उजव्या वळणाचंही यांनीच सांगायचं.